अहो, तिकडे नाही जायचं

आमच्या ऑफिसात माणसांना अरे-तुरे आणि प्रोग्रामला अहो-जाहो करणारे ते एकटेच होते.

लोअर परळला एका जुन्या गिरणीच्या आवारात काचेची इमारत उभी राहिली होती, तिथे आमची कंपनी. सगळा मोकळा हॉल, मध्ये भिंती नाहीत, त्यामुळे कोण काय बोलतो ते सगळ्यांना ऐकू येई. खिडकीकडच्या कोपऱ्यात सर बसत. कुणा परक्याने लिहिलेला प्रोग्राम स्क्रीनवर उघडला की त्यांची पुटपुट सुरू व्हायची. "या. बसा. काय काम काढलंत? हं, मेमरी हवीय? घ्या की. अजून? बरं, घ्या. अहो, तिकडे नाही जायचं. तिकडे नाही जायचं म्हटलं ना!"

हे शेवटचं जरा चढ्या आवाजात. नवीन आलेला पोरगा दचकून उभाच राहायचा. जुने लोक कानात हेडफोन घालून आपापलं काम करत. पाठीमागे त्यांना सगळे 'नाकाबंदी' म्हणायचे. सरांना ते माहीत होतं. एकदा चहाच्या रांगेत कुणीतरी चुकून तोंडावरच बोललं, तर म्हणाले, "नाकाबंदीत गाडी अडवून ठेवतात. मी अडवत नाही रे, आत घेतो. तेच तर कठीण आहे."

ते खरंच होतं. आपण ब्राउझरमध्ये एखादं पान उघडतो तेव्हा त्या पानाबरोबर थोडाफार प्रोग्रामही येतो आणि आपल्या मशीनवर चालतो. तो बिचारा ब्राउझरच्या देखरेखीखाली चालतो, त्याची फारशी भीती नसते. पण इमारतींचे नकाशे काढणारे, पुलाचं वजन तोलून बघणारे जड प्रोग्राम तसे चालत नाहीत. ते थेट मशीनच्या भाषेत असतात. वेग प्रचंड, आणि धोकाही तेवढाच. असा एखादा प्रोग्राम मोकळा सुटला की तुमच्या फायली उघडील, फोटो बघील, पासवर्ड घेऊन जाईल. आमच्या कंपनीला नेमके हेच प्रोग्राम ब्राउझरमध्ये चालवायचे होते. शिवाय त्यांना जोडायचे बारीकसारीक भाग कुठल्या कुठल्या देशांतले अनोळखी लोक लिहून पाठवायचे. त्या सगळ्यांना घरात घ्यायचं, पूर्ण वेगाने काम करू द्यायचं, आणि घरातल्या एकाही वस्तूला हात लावू द्यायचा नाही. ही सगळी व्यवस्था सरांनी बांधली होती. तिला त्यांनी नाव दिलं होतं 'ओसरी'. परदेशी क्लायंट ते 'ओ सॉरी' असं वाचायचे आणि इंग्रजीतला काहीतरी विनोद समजून हसायचे.

मी पहिल्यांदा त्यांना पाहिलं ते माझ्या इंटरव्ह्यूला. समोर एचआरचे एक गृहस्थ होते आणि कडेला हे. मला वाटलं, चुकून बसलेत. पांढरा हाफ शर्ट, पायात चपला, आणि नजर माझ्याकडे नाहीच, खिडकीबाहेर.

एचआरच्या गृहस्थांनी माझा कागद पाहिला, आडनावावर जरा थांबले आणि म्हणाले, "तुम्ही मूळच्या कुठल्या?"

"नायगाव. बीडीडी चाळ."

"नाही, म्हणजे मूळ गाव?"

हा जिना मला पाठ होता. आधी गाव, मग 'तुमच्याकडे कोणते सण असतात', आणि सगळ्यात वरच्या पायरीवर एक लांबलचक 'अच्छा'. मी उत्तर जुळवत होते, तेवढ्यात कडेचा माणूस बोलला.

"त्याने काय कळणार?"

"सर, मी आपलं जनरल विचारतोय."

"मग जनरल नको. कामाचं विचारू." त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे फिरवला. "हा एक प्रोग्राम आलाय. चालवायचा की नाही?"

मी पाहिलं. मशीनच्या भाषेतल्या ओळीच्या ओळी. एवढ्याने काय कळणार! मी विचारलं, "कुणी लिहिलाय, सर?"

"का?"

"म्हणजे, चांगल्या कंपनीने लिहिला असेल तर..."

"तर चालवशील? चांगल्या माणसाच्या हातून चूक होत नाही? आणि वाईट माणसाने दोन अधिक दोन चार केले तर ते चुकतात?" मग पहिल्यांदाच त्यांनी माझ्याकडे सरळ पाहिलं. "आत्ता ह्यांनी तुला विचारलं, कुठली म्हणून. तुला आवडलं नाही. मग प्रोग्रामला का विचारतेस? कुणी लिहिलाय ते सोड. आत शिरल्यावर तो काय काय करू शकेल, तेवढं बघ."

एचआरचे गृहस्थ पाणी प्यायले. मला नोकरी मिळाली.

पुढे कळलं की हे माझ्यासाठी खास नव्हतं, त्यांचा तो नेमच होता. आमच्याकडे एकाने लिहिलेला कोड दुसऱ्याने वाचून मंजूर करायचा अशी पद्धत होती. सरांनी त्या यादीतली लिहिणाऱ्यांची नावंच झाकून टाकायला लावली होती. डायरेक्टरांचा कोड आणि काल लागलेल्या ट्रेनीचा कोड शेजारी शेजारी पडलेला असायचा, बिननावाचा. एकदा डायरेक्टरांच्याच कोडवर सरांनी 'हे फार घाईत केलंय, पुन्हा बसा' असा शेरा मारला; कोड कुणाचा ते मागाहून फुटलं आणि तो शेरा आठवडाभर सगळ्या हॉलने चवीने वाचला. 'ट्रस्ट मी, सर' असं कुणी म्हटलं की ते लॅपटॉप मिटायचे. "तपासून ये. मग बोलू."

ओसरीवरून एकदा आमची खटकलीसुद्धा होती. चहा पिताना ते कोकणातल्या आजोळच्या घराचं सांगत होते. "कुणीही वाटसरू यायचा गं. ओसरीवर बसायचा. आजी आधी गूळपाणी द्यायची, नाव नंतर. पाऊस असला तर तिथेच झोपायचा. पण माजघरात नाही. तीच आयडिया मी उचलली."

मला राहवलं नाही. म्हटलं, "सर, माझ्या आजोबांना तुमच्या ओसरीवर चढू दिलं नसतं. त्यांना अंगणाच्या बाहेरूनच बोलावं लागायचं."

सर उठले. चहा तसाच ठेवून जागेवर गेले. त्या दिवशी पुटपुटही नव्हती. मला वाटलं, संपलं आपलं इथलं. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. बसले नाहीत, उभेच.

"नाव बदलू या. तू सुचव."

मी रात्रभर बरंच काय काय ठरवून आले होते, ते सगळं गळून पडलं. "राहू दे सर. इथे सगळेच बसतात ना?"

"सगळेच. माझा स्वतःचा कोडसुद्धा मी तिथेच बसवतो. तो काही वेगळा नाही."

"मग राहू दे."

ते मान हलवून गेले. पण त्यानंतर आजोळच्या ओसरीची गोष्ट त्यांनी कुणाला सांगितलेली मी ऐकली नाही.

अधूनमधून ते 'फोडाफोडी' ठेवत. सगळ्यांनी आपापली कामं बाजूला ठेवून दिवसभर ओसरी फोडायचा प्रयत्न करायचा. त्या दिवशी सर गिरगावातून बसने स्टीलच्या कॅनमध्ये पियूष घेऊन यायचे. जो फोडील त्याला पियूष. कुणालाच जमलं नाही तर कॅन तसाच झाकण लावून परत गिरगावला. "सर, एवढं लांबून आणलंय, थोडं थोडं द्या की सगळ्यांना," असं कितीही म्हटलं तरी नाही. फुकटचं पियूष कुणाला मिळालं नाही.

एकदा ते मला मिळालं.

ओसरीच्या दाराशी एक तपासनीस होता, म्हणजे सरांनीच लिहिलेला प्रोग्राम. येणाऱ्या परक्या प्रोग्रामची प्रत्येक आज्ञा तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायचा आणि त्यात एकही घातक आज्ञा नाही अशी खात्री झाली की मगच आत सोडायचा. माझ्या मनात आलं, मशीनच्या भाषेत शब्दांमध्ये मोकळी जागा नसते. सगळं सलग. मग तपासनीस जिथून वाचायला लागला तिथून न वाचता मशीनने एक अक्षर सोडून वाचलं तर? मी तसा एक प्रोग्राम केला. वरून वाचला तर अगदी सोवळा. पण चालायला लागला की तो एका आज्ञेच्या मधोमध उडी मारायचा, आणि तिथून पुढे त्याच अक्षरांचा अर्थ वेगळाच व्हायचा. तपासनिसाने त्याला आत सोडलं. दुसऱ्या मिनिटाला सरांच्या मशीनवरची एक खासगी फाइल माझ्या स्क्रीनवर होती.

सर माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. फाइल पाहिली. मग फळ्याकडे गेले आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'अविश्वास ठेवा'.

"तपासनिसाने हे वाचलं. बरोबर?"

"हो, सर."

त्यांनी पहिल्या अक्षरावर तळहात ठेवला. फळ्यावर 'विश्वास ठेवा' उरलं.

"आणि मशीनने इथून वाचायला सुरुवात केली."

 सर हसायला लागले. त्यांना तसं हसताना आम्ही कधी पाहिलं नव्हतं. खांदे हलत होते, डोळ्यांतून पाणी. "इतकी वर्षं! इतकी वर्षं माझ्या घराला एवढं भोक आणि मी खुशाल झोपतोय!" स्वतःच्या हाताने त्यांनी मला पियूष ओतून दिलं, मी ग्लास रिकामा करीपर्यंत समोर उभे राहिले, आणि पुन्हा ओतलं.

ते भोक आम्ही दोघांनी मिळून बुजवलं. सगळ्या आज्ञा सारख्या लांबीच्या खणांत मांडायच्या, एकही आज्ञा दोन खणांत पसरू द्यायची नाही, आणि उडी मारायची तर खणाच्या सुरुवातीलाच, मधे कुठेही नाही. लिहायला थोडंसंच होतं, पण ते पटेपर्यंत सरांनी मला कितीतरी वेळा पुन्हा फोडायला लावलं. त्या दिवसांत आम्ही खूप बोललो. कामाचंच, पण खूप.

कामाखेरीज त्यांच्याशी काय बोलायचं, हे मात्र कुणालाच कधी कळलं नाही. गिरगावात कुठल्याशा वाडीत राहतात, एवढंच माहीत. जेवायच्या सुट्टीत सगळे घोळक्याने खाली जायचे, सर खिडकीच्या कट्ट्यावर डबा उघडायचे. कुणाच्या लग्नाला येत नसत, पण आहेर न चुकता पाठवत. गणपतीत लालबागकडे गर्दी वाढली की ऑफिस लवकर सुटायचं, तेव्हा "तुम्ही निघा, मी आहे," हे ठरलेलं. ते 'मी आहे' कुणासाठी, हे कुणी विचारलं नाही.

एकदा असंच डब्याकडे बघून मी म्हटलं, "सर, आज भाकरी नाही?"

"आई असताना असायची," ते म्हणाले.

"सर, आई... कधी?"

"झाले की. दोन-तीन महिने होतील."

"आणि तुम्ही सांगितलं नाहीत?"

त्यांनी खरोखरच आठवून पाहिलं. मग म्हणाले, "कुणी विचारलं नाही गं."

मी मनात हिशेब केला. म्हणजे त्या दिवसांतसुद्धा ते रोज येत होते. 'या, बसा, काय काम काढलंत' चालूच होतं. आमच्यापैकी कुणाला आवाजात फरक जाणवला नव्हता.

मग ब्राउझर बनवणाऱ्या सगळ्या मोठ्या कंपन्यांनी मिळून एक सामायिक पद्धत काढली, वेबअसेम्ब्ली नावाची. जड प्रोग्राम ब्राउझरमध्ये सुरक्षित चालवायचे, म्हणजे जे आम्ही करत होतो तेच, पण सगळ्यांसाठी, ब्राउझरच्या पोटातच. वेगळं काही बसवायला नको. आमच्या ऑफिसात घबराट पसरली. आमच्या मॅनेजरने मीटिंग घेतली. माणूस वाईट नव्हता, पण त्याला वरून विचारणा झाली होती.

"सर, दोन पानं लिहून द्या ना. आपली ओसरी कशी भारी, त्यांच्यात काय प्रॉब्लेम. क्लायंटला दाखवायचंय. बस, तेवढं झालं की आपण सेफ."

"वाचून सांगतो," सर म्हणाले.

ते कितीतरी दिवस वाचत होते. ओसरी फोडायला म्हणून आम्ही सगळ्यांनी जे जे रचलं होतं, ते सगळं त्यांनी त्या नव्या पद्धतीवर घालून पाहिलं. माझा तो मधोमध उडी मारणारा प्रोग्रामसुद्धा. पुटपुट ऐकू येत होती, पण तिचा सूर वेगळा होता. "असं होय! बरं. वा. हे कसं नाही सुचलं आपल्याला!"

मग मीटिंग. सरांनी हातात काहीच आणलं नव्हतं.

"त्यांचं चांगलं आहे," ते म्हणाले.

मॅनेजर हसला. "म्हणजे सर, तसं चांगलंच असणार. पण आपलं..."

"आपल्यापेक्षा चांगलं आहे. आपण आलेल्याची झडती घेत होतो. ते त्याला हत्यार धरायला हातच ठेवत नाहीत. मशीनची भाषा त्याच्या तोंडी येतच नाही. एक सोपी मधली भाषा ठरवलीय, तीत आज्ञेच्या मधोमध उडी मारायची सोयच नाही. हिने फोडलं होतं ना आपलं, तसं तिथे फोडताच येत नाही. मुळातच. ओसरी काढून टाका आणि ते घ्या."

"सर," मॅनेजरचा आवाज खाली आला, "असं लिहून दिलंत तर तुमची टीमच राहणार नाही. समजताय ना? ये आपका ही काम है, इतने साल का."

"टीम राहावी म्हणून कच्ची भिंत ठेवायची? आणि लोकांना सांगायचं, पक्की आहे म्हणून?"

"कच्ची कुठे आहे, सर? अजून कुणी फोडली का बाहेरच्याने?"

"फोडली नाही, हे मला माहीत आहे. फुटणार नाही, हे मला माहीत नाही. त्यांच्याबाबतीत निदान का फुटणार नाही, ते सांगता येतं."

मी तिथेच बसले होते. मला काहीतरी बोलायचं होतं, त्यांच्या बाजूने. पण त्यांची बाजू कुठली, हेच कळेना. ओसरी वाचवावी म्हणणं म्हणजे त्यांच्या विरुद्ध बोलणं झालं असतं.

ओसरी काढायचं काम सरांनी दुसऱ्या कुणाला दिलं नाही. नवी पद्धत नीट रुळल्यावर त्यांनी स्वतः एकेक भाग काढला आणि तो सगळा बदल मंजुरीसाठी माझ्याकडे पाठवला. आमच्याकडे काढलेल्या ओळी लाल दिसतात. मी उघडलं तर वरपासून खालपर्यंत लालच लाल, संपेचना.

मॅनेजर येऊन म्हणाला, "अगं, दाब ना बटण. काढायचंच तर आहे. त्यात वाचायचं काय?"

पण न वाचता मंजूर करायला मला शिकवलंच नव्हतं. मी पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. सर त्यांच्या कोपऱ्यात थांबले होते. एकदाही विचारलं नाही, किती राहिलंय.

त्या लाल ओळींमध्ये मला सर जितके भेटले तितके समोरासमोर कधी भेटले नव्हते. कोडच्या मधे मधे लिहिलेल्या टिपा, मशीन ज्या न वाचताच ओलांडून जातं; सरांनी त्या माणूस वाचील म्हणूनही लिहिल्या नव्हत्या. एखादा प्रोग्राम तपासणीत नापास झाला की त्याला परत पाठवायचा, तिथे त्यांनी लिहिलं होतं, 'माफ करा, आत येता येणार नाही. राग नसावा.' हे वाचणार कोण? तो प्रोग्राम? एका अवघड जागेवर नुसतंच, 'आज डोकं चालत नाही. आईला ताप.' आणि मग ते खणांचं काम आलं, आम्ही दोघांनी केलेलं. नावं लिहायची नाहीत हा त्यांचाच नियम, म्हणून नाव नव्हतं. लिहिलं होतं, 'हे भोक माझं. मला दिसलं नाही. तिला दिसलं. बरं वाटलं.'

त्या ओळीशी मी शेरा लिहिला, "एवढं ठेवता येणार नाही का?"

थोड्या वेळाने उत्तर आलं, "भिंतच नाही राहिली, तर भोक कुठे ठेवणार?"

मी कोपऱ्याकडे पाहिलं. ते माझ्याकडेच बघत होते. मी मंजूर केलं.

त्यानंतरही ते यायचे. टीम दुसरीकडे वाटली गेली, मलाही वरच्या मजल्यावर नेलं. सरांना सल्लागार की काय म्हणाले, पण सल्ला विचारायला कुणी जात नसे. आता परके प्रोग्राम थेट ब्राउझरकडे जायचे, त्यांच्या टेबलावरून जायचंच कारण नव्हतं. मी कधी खाली डोकावले तर सर स्क्रीनसमोर नीट बसलेले असायचे. पुटपुट बंद झाली होती. नव्या पोरांना तर ती कधी होती हेही ठाऊक नव्हतं. "ते सर खूप शांत आहेत ना?" एकीने मला विचारलं. मी हो म्हटलं.

मग त्यांनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली. केक कापला. भाषण करा म्हटलं तर म्हणाले, "तपासून घेत जा." एवढंच. सगळे हसले, टाळ्या वाजल्या.

बऱ्याच महिन्यांनी मी त्यांना भेटायला गेले. वाडी पाडून तिथे नवी इमारत होणार होती, तोवर ते लालबागच्या एका टॉवरमध्ये भाड्याने राहत होते. फोन केला तेव्हा "ये ना, ये, कधीही ये," असं इतक्यांदा म्हणाले की मीच संकोचले.

गेटवर वॉचमनने माझं नाव विचारून मोबाइलमध्ये भरलं. हल्ली सगळीकडे असतं तसं, वरच्या माणसाच्या फोनवर निरोप जातो, त्याने हो म्हटलं की सोडतात. निरोप जातोय न जातोय तोच वॉचमनचा मोबाइल वाजला.

"बघितलंत?" तो म्हणाला. "नाव वाचायच्या आधीच हो म्हणतात काका."

"मी येणार ते माहीत होतं त्यांना."

"तुमचं सोडा ओ. सगळ्यांनाच. परवा एक बाई सोळाव्या मजल्यावर जायची होती, माझ्याकडून चुकून काकांचा नंबर पडला. तरी हो. ती वर गेली ती चहा पिऊनच आली खाली. कुरियरवाला, विमावाला, कोण पण येऊ दे. कमिटीवाले माझ्यावर भडकतात. काकांना नोटीस पण दिली."

वर गेले तर दार उघडंच होतं. आत सोफ्यावर टाय लावलेला एक माणूस पाण्याच्या फिल्टरचं यंत्र मांडून बसला होता. सर समोर स्टुलावर, पुढे वाकून ऐकत होते. "आणि ही जाळी दर वर्षी बदलायची? का बरं? आत काय साचतं?" अगदी मनापासून विचारत होते. मला पाहून उठले, त्या माणसाची आणि माझी ओळख करून दिली, दोघांना चहा दिला. विक्रेत्याला एव्हाना समजलं होतं की इथे काही खपणार नाही. तरी त्याने चहा संपेपर्यंत सगळं सांगितलं, त्याचं गाव, दोन मुली, धाकटीचं गणित. निघाला तेव्हा सर लिफ्टपर्यंत गेले. लिफ्ट खाली गेल्यावरही थोडा वेळ तिथेच उभे होते.

आम्ही बसलो. मी ऑफिसचं सांगत राहिले, कोण गेलं, कोण आलं. ते ऐकत होते. थोडे वाळले होते. घरात सगळं जिथल्या तिथे होतं. टीपॉयवर चार कप उपडे घातलेले, बशांसकट.

शेवटी मी विचारलंच. "सर, खाली वॉचमन म्हणत होता, नोटीस आलीय?"

"हो ना. आलीय."

"मग?"

"त्यांचं बरोबर आहे गं. कुणालाही सोडायचं म्हणजे काय! मी कमिटीत असतो तर मीही काढली असती नोटीस."

"मग तुम्ही..."

"मग काय," ते म्हणाले. खिडकीकडे पाहिलं. "कुणी यायला नको का?"

मी आता दर महिन्याला येईन, असं म्हणावंसं वाटलं, पण 'तपासून ये, मग बोलू' म्हणणाऱ्या माणसाला असलं काही सांगायची हिंमत झाली नाही.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. चष्मा बाजूलाच पडला होता, तो त्यांनी घेतला नाही. तसाच अंगठा टेकवला आणि घाईने उठले.

"कोण आहे, सर?"

"येईल ना वर. कळेलच," ते म्हणाले, आणि चहाच्या पातेल्यात आणखी पाणी घालायला आत गेले.